कुठल्या जातीचं ओ हे?

कोल्हापुरात रंकाळ्यावर संध्याकाळी आमच्या कुत्र्याला, फुटाण्याला, फिरवायला नेलं की शालिनी पॅलेसपर्यंत पोचेस्तोवर तिघं तरी थांबवतात. प्रश्न एकच, ‘कुठल्या जातीचं ओ हे?’ भेळेच्या गाडीवरचे काका उत्तरही स्वतःच देऊन टाकतात, ‘पामेरियन हाय न्हवं?’ कॉलेजच्या एका पोरीला त्याच्यात शित्झू दिसला. बुलेटवरून आलेल्या एका गड्यानं खाली बसून पाय चाचपले आणि निकाल दिला, ‘डॅशुंडचा क्रॉस हाय, लिहून घ्या.’

फुटाणा पाच किलोचा आहे. रंग भाजलेल्या फुटाण्याचा, पाय आखूड, एक कान उभा, एक पडका, तोंडावर म्हाताऱ्यासारख्या मिशा. आई मंगळवार पेठेतल्या एका घरातली, पांढरी, झुपकेदार. बाप कोण ते तिलाच ठाऊक. आणि वेताला एकच बाप होता असंही धरून चालता येत नाही, कारण कुत्रीच्या एकाच वेतातल्या पिल्लांचे बाप वेगवेगळे असू शकतात.

जात विचारायची आपली सवय कुत्र्यापर्यंत पोचली आणि तीही शाहू महाराजांच्या गावात, हा विनोद तूर्त बाजूला ठेवू. विचारणाऱ्याला खरं तर वेगळंच जाणून घ्यायचं असतं. हे चावतं का, किती भुंकतं, केस किती गळतात, अजून किती वाढणार, किती वर्षं जगणार. जातीचं नाव कळलं की ही सगळी उत्तरं एका दमात मिळतील असं वाटतं. त्यातली किती खरंच मिळतात आणि उरलेली कुठं शोधायची, एवढंच इथं सांगायचं आहे.

एक पत्ता बघून अख्खा डाव

कुत्रा माणसासोबत किमान 15 हजार वर्षं राहतोय. पण आपण ज्याला ‘ब्रीड’ म्हणतो तो प्रकार बहुतेक गेल्या दीड-दोनशे वर्षांतला. इंग्लंडमध्ये 1873 साली केनेल क्लब निघाला, वंशावळीच्या वह्या सुरू झाल्या आणि ठरावीक रूपाची कुत्री आपसांतच लावायची पद्धत पक्की झाली. म्हणजे आपल्या गल्लीतलं गावठी कुत्रं हे दहा जातींची खिचडी नव्हे. ते या वह्यांच्या आधीपासूनचं आहे. मिश्र म्हणायचं ते फुटाण्यासारख्याला, ज्याच्या एका बाजूला वहीतलं कुणीतरी आहे आणि दुसऱ्या बाजूला गल्लीतलं. तसं त्याच्या आईला सगळी पेठ पामेरियन म्हणते, पण खरा पामेरियन दोन-तीन किलोंचा असतो. आपल्याकडे घराघरांत दिसतो तो त्याच्याहून मोठा इंडियन स्पिट्झ.

आता रूपाकडे येऊ. कुत्र्याच्या पेशीत गुणसूत्रांच्या 39 जोड्या असतात. पत्त्यांच्या जोड्या समजा. प्रत्येक जोडीतला एक पत्ता आईनं दिलेला, एक बापानं, आणि कुठला द्यायचा हे नशिबावर. मेख अशी आहे की कुत्र्याचं रूप फार थोड्या पत्त्यांवर ठरतं. माणसाच्या उंचीत हजारो ठिकाणचे बारीक बारीक वाटे असतात. कुत्र्याची चण वीस-पंचवीस जनुकांत बरीचशी उरकते, आणि त्यातल्या आयजीएफ-1 नावाच्या एकट्या जनुकाचा वाटा सुमारे 15 टक्के. लहान चणीचा हा पत्ता माणसानं कुत्री पाळता पाळता निवडून काढला असं बरीच वर्षं मानत होते. 2022 मध्ये तो सैबेरियातल्या 54 हजार वर्षांपूर्वीच्या लांडग्यात सापडला. म्हणजे मांडीवर मावणाऱ्या कुत्र्याची सोय लांडग्यातच होती, आपण ती नंतर वापरली.

केसांचं गणित त्याहून सोपं आहे. 2009 च्या एका अभ्यासात दिसलं की बहुतेक जातींच्या केसांचे प्रकार तीन जनुकांच्या जोडणीतून येतात. एक लांबीचं, एक कुरळेपणाचं, एक मिशा-भुवयांचं. लांब केसांचा पत्ता दबून राहणारा, तो दोन्हीकडून आला तरच दिसतो. त्यामुळं आखूड केसांच्या जोडीला अचानक झुपकेदार पिल्लू होतं आणि लोक शेजारच्या बंगल्याकडे बघायला लागतात. मिशांचा पत्ता उलटा, एकच पुरतो. फुटाण्याच्या आईला मिशा नाहीत, तेव्हा त्या बापाकडून आल्या. त्या बापाबद्दल आम्हाला खात्रीनं माहीत असलेली ही एकमेव गोष्ट.

आखूड पायांमागंही असंच एक जनुक आहे, त्याची एक जास्तीची नक्कल पडलेली असते. म्हणजे काकांनी शेपटीचा झुपका बघितला, पोरीनं मिशा आणि बुलेटवाल्यानं पाय. प्रत्येकानं एक पत्ता बघून अख्खा डाव सांगितला. यात त्यांची चूक नाही, रोज शेकडो कुत्री हाताळणाऱ्यांचे अंदाजही डीएनए तपासणीशी बऱ्याचदा जुळत नाहीत.

आणि दोन्ही बाजू शुद्ध असल्या तरी पुढं काय होईल? अमेरिकेत जॉन पॉल स्कॉट आणि जॉन फुलर या दोघांनी बसेंजी आणि कॉकर स्पॅनियल या दोन जातींचा संकर करून बघितला होता. पहिल्या पिढीतली पिल्लं एकमेकांसारखी निघाली. त्या पिल्लांची आपसांत पिल्लं झाली तेव्हा मात्र रंग, केस, चण यांची अशी काही सरमिसळ झाली की ही एका घरातली आहेत हे सांगावं लागावं. म्हणून ‘अमुक गुणिले तमुक’ असं लिहून पिल्लं विकणाऱ्याला पहिला प्रश्न हा विचारावा, की ही कितवी पिढी?

लॅब्राडूडलची गोष्ट याच जातकुळीतली. 1989 मध्ये ऑस्ट्रेलियात अंधांसाठी कुत्री तयार करणाऱ्या संस्थेतल्या वॉली कॉनरन यांच्याकडे हवाईतल्या एका दृष्टिहीन बाईंची मागणी आली. बाईंना वाट दाखवणारं कुत्रं हवं होतं आणि त्यांच्या नवऱ्याला कुत्र्याची ॲलर्जी होती. कॉनरननी लॅब्रेडॉर आणि पूडल यांचा संकर केला. तीन पिल्लं झाली, त्यातलं एकच नवऱ्याला सोसलं. पुढं जगभर ‘ॲलर्जी न होणारं कुत्रं’ म्हणून हा संकर विकला गेला आणि कॉनरन यांनी आपण हे सुरू केल्याचा पस्तावा जाहीरपणे बोलून दाखवला. आज मोबाईलवर ‘टीकप’, ‘टॉय’, ‘पू’ लावून केलेल्या जाहिराती दिसतात तेव्हा मला तीनातलं ते एक पिल्लू आठवतं.

स्वभाव कुठून येतो

रूप थोड्या पत्त्यांवर ठरतं, स्वभाव तसा ठरत नाही. 2022 मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात एक मोठा अभ्यास आला. 18 हजारांहून जास्त कुत्र्यांच्या मालकांना प्रश्नावल्या दिल्या होत्या आणि दोन हजारांहून अधिक कुत्र्यांचा डीएनए वाचला होता. निम्म्याच्या आसपास कुत्री मिश्र. निष्कर्ष असा निघाला की एकेका कुत्र्याच्या वागण्यातल्या फरकापैकी जेमतेम 9 टक्के फरक जातीवरून सांगता येतो. हाकेला ओ देणं, शिकवलेलं चटकन उचलणं यात जातीचा वाटा जरा जास्त. किती चटकन बिथरतं, यात जवळपास नाहीच.

मग उरलेलं येतं कुठून? काही पहिल्या तीन महिन्यांतून. तिसऱ्या आठवड्यापासून बाराव्या-चौदाव्या आठवड्यापर्यंत पिल्लाच्या डोक्यात एक दार उघडं असतं. या काळात जे दिसेल, ऐकू येईल, अंगाला लागेल ते ‘आपल्यातलं’ ठरतं. नंतर भेटलेलं सगळं आधी संशयाचं. 1961 मध्ये छापून आलेल्या एका प्रयोगात काही पिल्लं मोठ्या कुंपणात आईबरोबर, पण माणसाचा स्पर्श न होता चौदा आठवडे वाढवली. नंतर ती जवळजवळ रानटीच राहिली. जात तीच, आई तीच.

इथं एक अडचण आहे आणि ती फारसं कुणी नीट सांगत नाही. दार बंद होतं साधारण तिसऱ्या महिन्यात, आणि लसी पूर्ण होतात चौथ्या महिन्याच्या आसपास. पार्व्हो, डिस्टेंपरच्या लसी सहाव्या-आठव्या आठवड्यापासून सुरू होऊन दर तीन-चार आठवड्यांनी चालतात, रेबीजची पहिली तीन महिन्यांना. लस पुरी होईपर्यंत घरात कोंडलं तर पिल्लू रोगापासून वाचतं आणि भित्रं होतं. रस्त्यावर सोडलं तर उलट. आम्ही काढलेली वाट अशी, की फुटाण्याला जमिनीवर टेकवायचं नाही, पण सगळं दाखवायचं. कापडी पिशवीतून डोकं बाहेर, गाडी हळू. बिंदू चौकातली गर्दी, गंगावेशीतल्या म्हशी, तालमीतून अंगाला माती लावून आलेली पोरं, शाळा सुटतानाचा गोंगाट, टोपीवाले, बुरखेवाल्या, काठी टेकत येणारे आजोबा. दहा मिनिटं बघायचं, एक खाऊ, परत घरी. पिल्लू थरथरायला लागलं तर त्या दिवशी तिथूनच परत फिरायचं.

एका गोष्टीत आम्ही कमी पडलो. तो नोव्हेंबरात घरी आला, तोवर गणपती आणि दिवाळी दोन्ही होऊन गेलेले. पुढच्या वर्षी विसर्जनाच्या मिरवणुकीत डॉल्बी सुरू झाला आणि हा जो मोरीत जाऊन बसला तो दुसऱ्या दिवशी दुपारी निघाला. आपल्याला साधारण 20 हजार हर्ट्झपर्यंतचं ऐकू येतं, कुत्र्याला 45 हजारांच्या आसपासपर्यंत. त्याच्यासाठी त्या स्पीकरच्या भिंतीतून काय येत असेल, नकोच तो विचार. आता ऑगस्टपासून ढोल-ताशाचं रेकॉर्डिंग जेवणाच्या वेळी अगदी बारीक लावतो आणि रोज किंचित वाढवतो. फरक आहे, पण डॉल्बीच्या रात्री मोरी अजून लागतेच.

मोठं झालेलं कुत्रं घरी आणलं तर ते दार बंद झालेलं असतं, म्हणून ते कामातून गेलं असं नाही. फक्त पहिल्या आठवड्यावरून मत बनवू नये. नव्या घरात कुत्रं पाहुण्यासारखं वागतं. गप्प, शहाणं, कोपऱ्यात. खरा स्वभाव दोन-तीन आठवड्यांनी बाहेर येतो, आणि मग लोक म्हणतात की कुत्रं बिघडलं.

लहान म्हणजे छोट्या मापाचं मोठं कुत्रं नव्हे

जातीपेक्षा मापावरून जास्त कळतं, हे मला फार उशिरा समजलं. लहान कुत्री मोठ्यांपेक्षा जास्त जगतात, बारा ते पंधरा वर्षं सहज. पण त्यांची दुखणी ठरलेली असतात, मग आत कुठलीही जात असो.

पहिलं दुखणं दातांचं. कुत्र्याला दुधाचे 28 आणि पक्के 42 दात. लांडग्याच्या जबड्यात बसणारे 42 आता मुठीएवढ्या तोंडात बसवायचे. दाटी होते, खरकटं अडकतं, हिरड्या सुजतात. लहान कुत्र्यांत दुधाचे सुळेही बऱ्याचदा पडत नाहीत आणि शेजारी पक्के उगवतात. सहा-सात महिन्यांना तोंड उघडून बघा, एकाच जागी दोन सुळे दिसले तर डॉक्टरांना दाखवा. तोंडाला वास येणं म्हणजे ‘कुत्रं हाय, येणारच’ नव्हे. ब्रश रोज करायचा, पण माणसाच्या टूथपेस्टनं नाही.

दुसरं गुडघ्याचं. लहान कुत्रं पळता पळता मागचा एक पाय उचलून दोन-तीन उड्या तीन पायांवर मारतं आणि लगेच नीट पळायला लागतं. बघणाऱ्याला लाडिक वाटतं. आम्हालाही वाटायचं, व्हिडिओसुद्धा काढलेत. ती गुडघ्याची वाटी सरकून परत जागेवर बसत असते. चार पायऱ्या असतात त्याच्या. पहिल्या दोहोंत वजन आटोक्यात ठेवून बऱ्याचदा भागतं, पुढं ऑपरेशन. आम्ही दाखवायला गेलो तेव्हा पहिल्या ठिकाणी हात न लावताच ‘क्रॉस ब्रीडला काही होत नाही’ असं ऐकायला मिळालं. दुसऱ्या डॉक्टरीणबाईंनी पाय हातात धरून अंगठ्यानं वाटी हलवून दाखवली, दुसरी पायरी. मिश्र कुत्र्यांना काही ठरावीक आनुवंशिक आजार कमी होतात हे खरं, पण आई-बाप दोघंही लहान चणीचे असले तर लहान चणीची दुखणी कमी होत नाहीत.

श्वासनळीही नाजूक. गळपट्टा ओढला की बदक ओरडावं तसा खोकला येत असेल तर पट्टा सोडा, छातीला बसणारा हार्नेस घ्या. लांब पाठ आणि आखूड पाय असतील तर सोफ्यावरून उड्या बंद, मणक्यातली गादी सरकते.

आणखी एक, सारखं विचारलं जातं म्हणून. कुत्र्याचं अंग आपल्याला गरम लागणारच, त्याचं नेहमीचं तापमान 101 ते 102.5 फॅरनहाइट असतं. ताप समजून घरातली आपली गोळी देऊ नका. पावसाळ्यात गोचीड आणि पिसवा रोज बोटांनी चाचपून बघायच्या. पंचगंगेचं पाणी 2019 आणि 2021 मध्ये कुठवर आलं होतं ते इथं कुणाला सांगायला नको. उंदरांच्या मुतानं दूषित झालेल्या अशा पाण्यातून लेप्टो, म्हणजे लेप्टोस्पायरोसिस हा आजार होतो, कुत्र्यालाही आणि माणसालाही. त्याची लस चुकवू नये.

गुरगुरणं ऐकून घ्यावं

लहान कुत्री चिडकी असतात असं म्हणतात. ऑस्ट्रियातल्या 2010 च्या एका पाहणीत लहान कुत्री जास्त चिडकी आणि भित्री दिसली, पण त्याचबरोबर त्यांच्या मालकांचं वागणंही जास्त धरसोडीचं आणि शिकवण्याकडे लक्ष कमी, असं आढळलं. आपल्या घरात बघा. तीस किलोचं कुत्रं गुरगुरलं तर सगळे दोन पावलं मागं सरकतात. पाच किलोचं गुरगुरलं तर सगळे हसतात, ‘बघ कसं रागावतंय’ म्हणत उचलतात आणि गालाला लावतात. त्यानं आधी बरंच काही सांगून झालेलं असतं. तोंड फिरवलं, ओठ चाटले, भूक-झोप काही नसताना जांभई दिली, डोळ्यांचा पांढरा भाग दाखवला. एवढं करून कुणी ऐकत नाही म्हणून गुरगुरलं. त्यावर चापट बसली तर ते गुरगुरणं सोडतं, चिडणं सोडत नाही. पुढच्या वेळी थेट दात.

तेव्हा उचलायच्या आधी विचारा. हात खाली धरा, पुढं आलं तर उचला. पाहुण्यांच्या पोरांना हे शिकवणं कुत्र्याला शिकवण्यापेक्षा अवघड आहे, पण करावं लागतं. आणि चावलंच, अगदी घरचं आणि लस झालेलं असलं तरी, जखम वाहत्या पाण्याखाली साबणानं पंधरा मिनिटं धुवायची आणि दवाखाना गाठायचा. हळद, चुना, मिरचीपूड काही लावायचं नाही.

चपातीचा हिशेब

शेवटचं खाण्याचं, आणि आमच्या घरात भांडणं होतात ती यावरूनच.

वजन दुप्पट झालं म्हणून भूक दुप्पट होत नाही. तीस किलोच्या कुत्र्याला नुसतं पडून राहायला किलोमागं साधारण 30 कॅलरी लागतात, पाच किलोच्याला 47. तरीही एकूण बेरीज छोटीच. नसबंदी झालेल्या पाच किलोच्या कुत्र्याला दिवसभराला साडेतीनशे ते चारशे कॅलरी पुरतात. तेल लावलेली एक चपाती शंभराच्या आसपास. ग्लुकोजची चार बिस्किटंही तेवढीच. म्हणजे सकाळच्या चहाबरोबर आजीनं ‘एवढंसं तर घातलं’ म्हणून घातलेली चार बिस्किटं हा त्याच्या दिवसाचा चौथा हिस्सा.

आणि कोल्हापूरच्या स्वयंपाकघरात त्याच्या कामाचं तसं थोडंच असतं. कांदा आणि लसूण कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतात, शिजवूनही तो गुण जात नाही आणि वाळवलेल्यात तर तो एकवटतो. पाच किलोच्या कुत्र्याला एक मध्यम कांदा त्रास द्यायला पुरतो, आणि थोडं थोडं रोज गेलं तरी साठत जातं. आपली कांदा-लसूण चटणी म्हणजे तेच वाळवून कुटलेलं. तांबडा असो की पांढरा, रस्सा त्याच्यासाठी नाही. वर शिजलेलं हाड फुटून टोकदार होतं. सांगलीकडच्या पाहुण्यांनी आणलेला बेदाण्याचा डबा वर ठेवावा, द्राक्षं आणि बेदाण्यांनी मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. गंगावेशीतलं धारोष्ण दूध माणसाला बरं, मोठ्या कुत्र्यांना ते बऱ्याचदा पचत नाही आणि मग फरशी आपल्याला पुसावी लागते. साधं उकडलेलं कोंबडीचं मटण, भात, शिजवलेला भोपळा चालतो. पण रोज घरचंच द्यायचं तर प्रमाण डॉक्टरांकडून ठरवून घ्यावं, नुसत्या मटण-भातात कॅल्शियम कमी पडतं.

हिशेब ठेवायची सोपी युक्ती अशी. महिन्यातून एकदा त्याला कडेवर घेऊन वजनकाट्यावर उभं राहायचं, मग एकटं उभं राहायचं, वजाबाकी करायची. फासळ्यांवरून हात फिरवला तर त्या बोटांना लागायला हव्यात, डोळ्यांना ठळक दिसायला नकोत. गेल्या महिन्यात फुटाणा पाच किलो तीनशे भरला. तीनशे ग्रॅम ऐकायला काहीच नाही, पण साठ किलोच्या माणसानं महिन्यात साडेतीन किलो वाढवावं तसं ते झालं, आणि त्यात तो गुडघा. मी वही घेऊन आजीपुढं बसलो. आजीनं आकडा बघितला, फुटाण्याकडं बघितलं, पदरात काहीतरी झाकलं आणि म्हणाली, ‘मी कुठं काय घालतोय त्याला? पावसात भिजलाय, केसांचं वजन असंल.’